जर्मनीत बाळ झालं, त्याचे कागद कसे झाले

जर्मनीत बाळंतपणाचं फार टेन्शन घेऊ नका. कागदांचं घ्या, आणि तेही चौथा महिना लागायच्या आत. लेकीचं शेवटचं कार्ड, वास्तव्य परवान्याचं, डिसेंबरात हातात आलं, तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणींनी तेच ते प्रश्न विचारले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका लहान शहरात राहतो. नवरा ऑक्टोबर 2020 मध्ये ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, आला, मी त्याच्या पुढच्या वर्षी. दोघंही नोकरी करतो. खाली लिहिलेले नियम 2025 चे आहेत. इथे ते दर एक-दोन वर्षांनी बदलतात, आणि राज्य बदललं की कार्यालयंही बदलतात, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी मुद्द्याचं. बाळाचा पासपोर्ट, व्हिसा, पैसे, विमा, सगळं अडतं ते जन्मदाखल्यापाशी. आणि जन्मदाखला अडतो तो आईबापाच्या भारतातल्या जुन्या कागदांपाशी. म्हणजे बाळाच्या फाइलमध्ये बाळाचं फारसं काही नसतंच, आपलीच कुंडली मांडलेली असते.

जानेवारी 2025 मध्ये, पोट दिसायच्या आधीच, आम्ही आमच्या शहराच्या श्टांडेसआम्टला, म्हणजे जन्म-विवाह नोंदवणाऱ्या कार्यालयाला, ईमेल केला: आम्ही दोघं भारतीय, जूनमध्ये बाळ अपेक्षित, काय काय लागेल? दोन दिवसांत उत्तर आलं. दोघांचे पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, दोघांचे जन्मदाखले, सगळे मूळ, आणि त्यांचं जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेलं. दाखला इंग्रजीत असला तरी भाषांतर लागतं, काही ठिकाणी चालवून घेतात, आमच्याकडे नाही. आम्हाला सगळं मिळून दोनशे युरोंच्या आसपास खर्च आला. भाषांतरकार निवडताना एकच बघा, न्यायालयाने नेमलेला आहे ना. अशा भाषांतरकारांची सरकारी यादी ऑनलाइन मिळते.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून मारतात त्या शिक्क्याबद्दल, गोंधळ फार आहे. भारत 2005 मध्ये अपोस्टिल करारात सामील झाला, हे खरं. पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार लागू होत नाही. भारतातल्या जर्मन दूतावासांनी कागदांवर शिक्का मारून देणं, म्हणजे लीगलायझेशन, तेही थांबवलेलं आहे. मग इथल्या अधिकाऱ्याला कागदाबद्दल शंका आली तर तो दूतावासामार्फत भारतात पडताळणी करायला लावू शकतो. तिथला वकील नगरपालिकेत, शाळेत जाऊन चौकशी करतो, खर्च आपल्याला, आणि महिने जातात. त्यामुळे पुण्यामुंबईत एजंटाला पैसे देऊन अपोस्टिल करून आणण्याआधी इथल्या कार्यालयाला विचारा, तुम्हाला नेमकं काय हवंय. आमच्या श्टांडेसआम्टमधल्या अधिकारी बाईंनी अपोस्टिल मागितलंच नाही.

खरी अडचण माझ्या जन्मदाखल्याची निघाली. सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेचा तो दाखला. तारीख बरोबर, आईबाबांची नावं बरोबर, लिंग स्त्री, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. आमच्या पिढीत हे घरोघरी आहे. बाळ जन्मलं की दवाखान्याने नोंद पाठवली, नाव बारशाला ठेवलं, आणि ते रजिस्टरात घालायला परत कोण जाणार? शाळेत दाखल्यावर काम भागलं, पासपोर्टही झाला. पण जर्मन अधिकाऱ्याला नाव नसलेला जन्मदाखला दाखवायचा म्हणजे ही बाई तीच कशावरून, हा प्रश्न येणारच. रजिस्टरात नाव नंतर घालता येतं, त्यासाठी अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचे आधार असं काही काही लागतं. बाबा निवृत्त असल्यामुळे त्यांनी हे अंगावर घेतलं. फेब्रुवारीच्या शेवटी नवा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत मिळाला आणि दादाने कुरियर केला. तुमच्या कपाटात तुमचा जन्मदाखला असेल तर हे वाचून झाल्यावर काढून बघा, रकान्यात नाव आहे का, आणि पासपोर्टातलंच आहे का.

पासपोर्टातल्या नावाचाही एक घोळ असतो. माझ्या पासपोर्टात 'दिलेलं नाव' या रकान्यात माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे, नवऱ्याच्या त्याच रकान्यात सासऱ्यांचं. जर्मन व्यवस्थेला मधलं नाव ही भानगडच माहीत नाही, तिथे दोन्ही तुमचीच पहिली नावं. त्यामुळे लग्नाआधीच्या जन्मदाखल्यात मी वेगळी आणि पासपोर्टात वेगळी. अधिकारी बाईंनी शांतपणे विचारलं, तुमच्या पहिल्या नावात पुरुषाचं नाव कसं? विवाह प्रमाणपत्र होतं, त्यावर दोन्ही नावं होती, आणि आम्ही दोघांनी तिच्यासमोर शपथेवर लेखी निवेदन दिलं. तेवढ्यावर तिने मानलं. हे सगळं मार्चमध्ये, बाळ व्हायच्या आधी, एका भेटीत. ओल्या बाळंतिणीने या खुर्चीत बसायचं नसेल तर आधी जा, एवढंच सांगते.

याच महिन्यांत बाकीच्याही गोष्टी लावून टाकायच्या असतात. हेबामे, म्हणजे सुईण, ही इथे बाळंतपणानंतर घरी येते, पहिले दहा दिवस रोजसुद्धा, आणि खर्च आरोग्य विम्यातून. चाचणी पॉझिटिव्ह आल्या आठवड्यातच सुईण शोधायला लागा, नाहीतर मिळत नाही. आईसाठी शेंगेन व्हिसा केला, त्याला आमच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडून हमीपत्र घेतलं, 29 युरो. आईच्या विम्यावर किमान 30,000 युरोंचं संरक्षण असावं लागतं. शेंगेनचा नियम 180 दिवसांत 90 दिवसांचा, म्हणून आईला प्रसूतीच्या तारखेच्या दोन आठवडे आधी बोलावलं. त्याहून लवकर बोलावलं तर डिंकाचे लाडू आपणच खाऊन संपवतो आणि खऱ्या गरजेच्या वेळी आई परत निघालेली असते.

पैशांचं आता जरा सावकाश सांगते, कारण प्रश्न इथेच जास्त येतात.

प्रसूतीच्या सहा आठवडे आधीपासून आठ आठवडे नंतरपर्यंत मातृत्वरजा असते. या काळात विमा कंपनी दिवसाला जास्तीत जास्त 13 युरो देते आणि हातात येणाऱ्या पगाराइतकी उरलेली रक्कम मालक भरतो, म्हणजे पगार जवळपास तसाच राहतो. विमा कंपनीला डॉक्टरचं अपेक्षित तारखेचं प्रमाणपत्र द्यायचं, बस.

त्यापुढे एल्टर्नगेल्ड, पालकांसाठीचा भत्ता. बाळ व्हायच्या आधीच्या हातातल्या पगाराच्या साधारण 65 टक्के, कमीत कमी 300 आणि जास्तीत जास्त 1800 युरो महिन्याला. दोघांनी मिळून 14 महिने, पण दोघांनीही किमान दोन-दोन महिने घेतले तरच, नाहीतर 12. आईचे मातृत्वरजेचे बाळंतपणानंतरचे दोन महिने यातच मोजले जातात, हे बऱ्याच जणींना उशिरा कळतं. एप्रिल 2024 पासून दोघांनी एकाच वेळी घ्यायचा महिना पहिल्या बारा महिन्यांत एकच. आम्ही असं लावलं: मी पहिले बारा, नवरा पहिला आणि तेरावा. तेराव्या महिन्यात मी कामावर जाईन आणि तो घरी असेल.

इथे एक बारीक गोष्ट. हे महिने कॅलेंडरचे नसतात, बाळाच्या वयाचे असतात. लेक 11 जूनला झाली, तर तिचा पहिला महिना 11 जून ते 10 जुलै. रजा या चौकटीत बसली नाही तर त्या महिन्याचे पैसे जाऊ शकतात. वडिलांनी मालकाला रजेचं पत्र किमान सात आठवडे आधी द्यायचं असतं, आणि तेव्हा बाळ कधी येणार हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून पत्रात तारीख घालू नका, 'बाळाच्या जन्मदिवसापासून एक महिना' असं लिहा. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने हे वेळेवर सांगितलं, लेक चार दिवस उशिरा आली तरी काही बिघडलं नाही.

करश्रेणीबद्दलही, म्हणजे पगारातून दर महिन्याला किती कर कापायचा हे ठरवणाऱ्या वर्गाबद्दल, विचारतात. नवरा तीन आणि बायको पाच या श्रेणीत असेल तर बायकोच्या हातातला पगार कमी दिसतो आणि तिचा भत्ताही कमी बसतो. श्रेणी बदलायची तर ती मातृत्वरजा सुरू होणाऱ्या महिन्याच्या किमान सात महिने आधी बदललेली असावी लागते. हिशेब करून बघा, म्हणजे जवळजवळ चाचणी यायच्या आधीच बदलायला हवी! पाळणा हलायच्या आधी कर कार्यालयात जायचं, असली ही तऱ्हा. आम्ही आधीपासून चार-चार वर होतो, म्हणून सुटलो.

लेक झाली बुधवारी, 11 जून 2025 ला. दवाखान्यातच जन्मनोंदणीचा फॉर्म देतात, नोंद आठवड्याच्या आत व्हावी लागते आणि ती दवाखानाच पाठवतो. नाव लगेच लिहिलंच पाहिजे असं नाही, ते कळवायला महिनाभर मुदत असते. त्यामुळे बारसं आधी, नावाची नोंदणी नंतर, हा आपला क्रम इथेही जमतो. बाराव्या दिवशी घरातच बारसं केलं, आत्या व्हिडिओ कॉलवरून कानात बोलली, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याने कार्यालयात नाव कळवलं.

या नावावरून घरात थोडं वाजलं. सासूबाईंचं म्हणणं, मुलीच्या नावापुढे बापाचं नाव नाही म्हणजे काय? आम्ही ठरवलं होतं की जर्मन नोंदीत फक्त तिचं नाव आणि आडनाव. 1 मे 2025 पासून इथे नावाचा नवा कायदा आहे, आता जिथे राहता त्या देशाचे नियम नावाला लागतात, हवं तर आपल्या देशाचा कायदा निवडता येतो. बापाचं नाव घालायचंच असेल तर मार्ग निघतो. पण मग शाळेत, डॉक्टरकडे, विम्याच्या कार्डावर ते तिचं दुसरं पहिलं नाव म्हणून चिकटतं, आणि मी ते स्वतःच्या बाबतीत रोज बघते. भारतीय पासपोर्टच्या अर्जात आईवडिलांच्या नावाचे रकाने वेगळे असतातच, हे सासूबाईंना सांगितल्यावर त्या जरा निवळल्या. काहीही ठरवा, पण इंग्रजी स्पेलिंग जर्मन दाखल्यात जे पडेल तेच पुढे पासपोर्टात आणि कार्डावर जाणार आहे, तेव्हा 'आ' एका ए ने लिहायचा की दोन, हे दवाखान्याच्या खाटेवर नव्हे, आधी ठरवा.

जन्मदाखला जुलैच्या मध्यावर आला. पैशांच्या अर्जांसाठीच्या प्रती फुकट मिळतात, प्रत्येकीवर ती कशासाठी हे छापलेलं असतं: एक एल्टर्नगेल्डला, एक किंडरगेल्डला (मुलासाठी दर महिन्याला मिळणारे सरकारी पैसे), एक विमा कंपनीला. त्या दुसऱ्या कामाला चालत नाहीत. शिवाय आंतरराष्ट्रीय, म्हणजे अनेक भाषांत छापलेला दाखला मागून घ्या, भारतीय कामांसाठी तो सोयीचा. जादा प्रती दहा-पंधरा युरोंना पडतात, आम्ही दोन घेतल्या आणि दोन्ही वापरल्या गेल्या.

कागद कमी असतील तर कार्यालय नोंद लांबणीवर टाकून तसं पत्र देतं, किंवा पालकांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा मारून रजिस्टरचा उतारा देतं. माझ्या एका मैत्रिणीला असा उतारा मिळाला होता. तोही अधिकृत कागदच आहे, घाबरून जायचं नाही, पण प्रत्येक टेबलावर त्याचा खुलासा करत बसावं लागतं.

एल्टर्नगेल्डचा अर्ज जुलैअखेर केला. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात हे काम एल-बँक, म्हणजे राज्याची बँक, बघते. मागचे पैसे अर्जाआधीच्या तीन महिन्यांपुरतेच मिळतात, म्हणून दाखला यायला उशीर होत असेल तरी अर्ज टाकून द्या, राहिलेले कागद मागून पाठवता येतात. अर्जाची तारीख महत्त्वाची. मंजुरीचं पत्र सप्टेंबरात आलं.

किंडरगेल्ड 2025 मध्ये महिन्याला 255 युरो होतं, 2026 पासून 259. यासाठी बाळाचा करक्रमांक लागतो, तो न मागता पोस्टाने घरी येतो. सहा आठवड्यांच्या मुलीच्या नावाने कर खात्याचं पत्र आलेलं बघून बाबा फोनवर हसत सुटले होते. ते पत्र जपून ठेवा, आयुष्यभर तोच क्रमांक. किंडरगेल्डचे मागचे पैसे सहा महिन्यांपर्यंत मिळतात. विमा सगळ्यात सोपा: दोघंही सरकारी विम्यात असल्यामुळे लेक कुटुंब विम्यात फुकट.

आता तो प्रश्न, जो लोक हळू आवाजात विचारतात: हे पैसे घेतले तर व्हिसाला धोका नाही ना? नाही. इथल्या वास्तव्य कायद्यातच लिहिलं आहे की किंडरगेल्ड आणि एल्टर्नगेल्ड हे सरकारी मदतीवर जगण्यात धरले जात नाहीत. ब्युर्गरगेल्डची, म्हणजे पुरेसं उत्पन्न नसलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीची, गोष्ट वेगळी आहे. पण हे दोन पैसे आपण कर भरून राहतो म्हणून मिळतात, संकोचाने सोडून देऊ नका. एका जोडप्याने भीतीपोटी वर्षभर अर्जच केला नव्हता, ऐकून वाईट वाटलं.

राहिलं नागरिकत्व. आईबापांपैकी एकाचं इथे कायदेशीर वास्तव्य पाच वर्षं पुरं झालेलं असेल आणि त्याच्याकडे कायमचा परवाना असेल, तर इथे जन्मलेलं मूल जन्मतः जर्मन. जून 2024 पर्यंत ही अट आठ वर्षांची होती. नवऱ्याकडे कायमचा परवाना होता, पण पाच वर्षं भरायला चार महिने कमी पडले. म्हणून लेक भारतीय. तुमचं बसत असेल तर आधी नीट समजून घ्या, कारण मूल जर्मन झालं की भारतीय पासपोर्टचा विषय संपतो, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, मग ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड.

आणि भारतीय असली तरी आपोआप नाही. 2004 च्या डिसेंबरपासून नियम असा की परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत करायची, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आमच्या राज्यासाठी म्युनिकचा वाणिज्य दूतावास. जन्मनोंदणीचा अर्ज वेगळा, पासपोर्टचा वेगळा, दोन्ही ऑनलाइन भरून छापायचे आणि दोघांच्या सह्या करायच्या, अगदी पासपोर्टातल्यासारख्या.

दोन महिन्यांच्या बाळाचा फोटो हे मात्र काम आहे. जमिनीवर पांढरी चादर, त्यावर लेक, मी डोक्यावरून खुळखुळा वाजवतेय आणि नवरा स्टुलावर उभा राहून वरून फोटो काढतोय. डोळे उघडे तर तोंड उघडं, तोंड मिटलं तर झोप. सकाळी दूध पिऊन झाल्यावर खिडकीच्या उजेडात जमलं. फॉर्मवर सहीच्या चौकटीत अंगठ्याचा ठसा लागतो. तान्ह्या बाळाची मूठ उघडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. ती झोपल्यावर आईने एकेक बोट सोडवलं, स्टँप पॅडवर अंगठा हलकेच टेकवला, आणि चौकटीत तीळभर निळा ठिपका उमटला. ठसा चौकटीच्या रेषेबाहेर गेला तर फॉर्म बाद, म्हणून चार प्रती छापून ठेवल्या होत्या. शाई खोबरेल तेलाने निघते.

ऑगस्टमध्ये कागद जमा केले, पासपोर्ट ऑक्टोबरात आला. लहान मुलाचा तो पाच वर्षांचाच असतो.

शेवटचं काम वास्तव्य परवान्याचं. जन्मापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, म्हणजे आमची शेवटची तारीख 11 डिसेंबर. काही कार्यालयं स्वतःहून पत्र पाठवतात, वाट बघत बसू नका. पासपोर्ट यायच्या आधीच आम्ही जन्मदाखला जोडून अर्ज टाकला आणि पासपोर्ट मागून दाखवला. मे 2025 पासून इथे कागदी फोटो बंद होऊन डिजिटल झालेत, तेव्हा पुन्हा एकदा फोटो, या वेळी दुकानात. फी मोठ्यांच्या निम्मी. सहा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे मूठ मिटलेली राहिली तरी चाललं. कार्ड येईपर्यंत भारताची तिकिटं काढली नव्हती, कारण बाळ भारतात जाऊ शकेल, पण परत येताना विमानतळावर कार्ड दाखवावं लागतं. घरून दिवाळीचा आग्रह होता, तो मोडावा लागला. जानेवारीत गेलो.

एक गोष्ट अजून बाकी आहे. एल्टर्नगेल्डवर कर नाही, पण बाकीच्या उत्पन्नावरचा कराचा दर त्याने वाढतो, आणि वर्षाला 410 युरोंच्या वर गेलं की रिटर्न भरणं सक्तीचं होतं. बऱ्याच जणांना त्यात पैसे परत भरावे लागतात, म्हणून दर महिन्याला थोडे बाजूला काढतेय. 2025 चं रिटर्न 31 जुलै 2026 पर्यंत भरायचंय, आणि नवऱ्याचा तेरावा महिना नेमका 11 जूनला सुरू होतो. ते काम त्याच्याकडे दिलंय.